विचार करते हं

तामिए ओगुरा रोज सकाळी माइक हातात घेऊन पहिलं जे वाक्य बोलायची, ते कागदोपत्री खरं होतं आणि गावाच्या लेखी खोटं. "मी तुमची गाइड ओगुरा, मूळची क्योतोचीच." तिचं माहेर इने. उत्तरेच्या समुद्रावरचं मच्छीमारांचं गाव. खाली होडी, वर माणसं, अशी पाण्यात पाय सोडून बसलेली घरं. इने क्योतो प्रांतात येतं, नकाशा उघडून बघा. पण क्योतोच्या माणसाला नकाशा दाखवून काही उपयोग नसतो. त्याच्या लेखी क्योतो म्हणजे जुन्या शहराच्या मोजक्या गल्ल्या. नदीपलीकडे राहणारासुद्धा त्याला पाहुणाच वाटतो. इनेची बाई स्वतःला क्योतोची म्हणवते हे ऐकून तो वाद घालणार नाही. तो गोड हसेल आणि म्हणेल, "हो का? किती छान समुद्र आहे हो तुमच्याकडे."

शाळा संपल्यावर ती या शहरात आली ती बस कंपनीच्या वसतिगृहातच. बरोबरीच्या मुलींत सगळ्यात जाड आवाज तिचा. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुझ्या बोलण्याला मासळीचा वास येतो. मग तामिएने क्योतोची बोली पाठ केली, लोक गाणं पाठ करतात तशी. हेल कुठे घ्यायचा, शेवट कुठे लांबवायचा, 'या बसा' म्हणताना मान किती कलती ठेवायची. उभं आयुष्य तिने पांढरे हातमोजे घालून, हातात छोटा झेंडा धरून, लोकांकडे तोंड करून देवळांच्या चढणीवर उलट चालत काढलं. नवरा कापड रंगवायच्या कारखान्यात होता, तोही बाहेरगावचाच. गरीब स्वभावाचा माणूस, मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाच गेला. त्यानंतर त्या झेंड्यावरच घर चाललं.

मुलीचं नाव चिगुसा. ती इथेच जन्मली, इथेच वाढली, जुन्या बाजारातल्या हातकागदाच्या दुकानात कामाला लागली. तिच्या तोंडी क्योतोची बोली होती ती पाठ केलेली नव्हती. आई घरीसुद्धा गाइडचा हेल काढायला लागली की ती म्हणायची, "आई, माइक बंद कर." हे ती हसत म्हणायची, निदान आधी आधी तरी.

चिगुसाला जुन्या शहराच्या मुरोमाची भागातल्या तेराउचींचा मुलगा आवडला होता. कोहेई त्याचं नाव. तेराउचींचं दुकान मिठाईचं. पण प्रवासी पिशव्या भरभरून नेतात तसलं नव्हे. दारावर पाटी एवढीशी, काचेच्या कपाटात काही मांडलेलं नाही, चहाच्या समारंभासाठी आधी सांगितलं तरच मिठाई बनायची. कितव्या पिढीचं दुकान हे ते स्वतःहून सांगत नसत, आणि न सांगूनही गावाला ठाऊक असेल याची काळजी घेत. कोहेई भला मुलगा होता. चिगुसाशीच लग्न करीन म्हणत होता, पण आईने हो म्हटल्यावर. त्याच्या बापाचं घरात फारसं चालत नव्हतं. सगळं अडलं होतं ते मिनेको तेराउची या एका बाईच्या होकारापाशी.

तामिएने आपल्या परीने पाऊल टाकलं होतं. इनेहून भाऊ दरवर्षी तांदळाच्या कोंड्यात मुरवलेले बांगडे पाठवायचा. त्यातले चांगले निवडून, सुती कापडात बांधून तिने तेराउचींकडे पाठवले. चिगुसाला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. मिठाईच्या दुकानात खारवलेली मासळी! पण वस्तू जाऊन पोचली होती.

आणि मग डिसेंबरात, गर्दी ओसरल्यावर, कोहेईकडून निरोप आला. आई म्हणते, रीतसर बैठक वगैरे कशाला, ओगुराबाईंच्या बसने एकदा फिरून येते, त्यांचं काम बघायला आवडेल. तामिए हरखून गेली. क्योतोची अशी घरंदाज बाई आपलं काम बघायला येते, म्हणजे अर्धं जमलंच की. चिगुसाला मात्र ते काही बरं वाटेना. तिने आईला समोर बसवून सांगितलं, "हे बघ आई, तू रोज सांगतेस तेवढंच सांग. त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलायला जाऊ नकोस, साधं बोल. आणि त्यांच्यासमोर 'मूळची क्योतोची' म्हणू नकोस."

"मग मी कुठली?" तामिएने विचारलं.

चिगुसा उठून कप विसळायला गेली. तामिएला त्याचा राग आला, पण तिने कबूल केलं, नाही म्हणणार म्हणून.

त्या दिवशी बस निम्मीच भरली होती. उत्तरेकडचे काही निवृत्त लोक, मैत्रिणी मैत्रिणींचा एक घोळका, नवं लग्न झालेलं एक जोडपं. मिनेकोबाई सगळ्यांच्या मागून आल्या. राखाडी किमोनो, त्यावर साधं जाकीट, हातात एक कापडी गाठोडं. उंची कपडा कसा दिसू नये याची या बायकांना जन्मापासून तालीम असते. त्या पहिल्या रांगेत खिडकीशी बसल्या, गाठोडं मांडीवर घेतलं आणि तामिएला म्हणाल्या, "आज तुम्हाला आमचा त्रास."

बसचा ड्रायव्हर इमानिशी. शहरातलाच, कितीतरी वर्षं तामिएच्याच बसवर. कमी बोलणारा माणूस. त्याने आरशातून एकदा मिनेकोबाईंकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि बस हळू बाहेर काढली.

तामिएने माइक घेतला. लेकीला दिलेला शब्द तिला आठवत होता. पण पहिलं वाक्य हे काही आठवून म्हणायचं वाक्य नव्हतं, ते आपोआप यायचं, जांभईसारखं. "मी तुमची गाइड ओगुरा, मूळची क्योतोचीच." जीभ चावावी तर पुढचं वाक्य ओठावर आलेलं. तिने चोरून पहिल्या रांगेकडे पाहिलं. मिनेकोबाई मान हलवत होत्या, अगदी कौतुकाने. तामिएला वाटलं, चिगुसा उगाच घाबरते.

एकदा कौतुक दिसल्यावर मग तिला आवरणं कठीण होतं. होरिकावा रस्त्यावर शिजोच्या सिग्नलला तिचा ठरलेला विनोद असायचा. इमानिशी तिथे बस जरा रेंगाळत न्यायचा, लोकांना हसायला वेळ मिळावा म्हणून. चिगुसाने या विनोदाचं नाव काढलं नव्हतं. इतकी अक्कल आपल्या आईला असेल असं ती धरून चालली असावी. तामिएने तो सांगितला, आणि नेहमीपेक्षा रंगवून सांगितला.

"मंडळी, क्योतोत आलात तर कान जपून ठेवा बरं का. शेजारीण म्हणाली, तुमची मुलगी पियानो किती छान वाजवायला लागली, तर आधी खिडकी लावून घ्या. गप्पा मारताना म्हणाली, तुमचं घड्याळ काय सुरेख आहे हो, तर उठा आणि चपला घाला. आणि काही मागायला गेलात अन् ती म्हणाली, विचार करते हं, तर घरी जा, जेवा, झोपा. वाट बघू नका."

बस हसली. मिनेकोबाईही हसल्या, रुमाल तोंडाशी धरून. "आमची सगळी गुपितं फोडता की तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि आवाज किती खणखणीत. मागच्या बसलासुद्धा ऐकू गेलं असेल." तामिएने मान लववून आभार मानले आणि माइक आणखी जवळ घेतला. इमानिशीने आरशातून पाहिलं, पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

सोनेरी मंडपाच्या तळ्याकाठी तिने मिनेकोबाईंना सगळ्यांच्या पुढे उभं केलं, उत्तम जागा म्हणून. मंडप कुणी बांधला, कधी जळला, पुन्हा कसा उभा राहिला, सोन्याचा वर्ख किती जाड लावला, एक अक्षर गाळलं नाही. मिनेकोबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लहानपणी शाळेतून आणलं होतं आम्हाला इथे. तेव्हा कुणी एवढं सांगितलंच नाही. जन्म गेला इथे, पण क्योतो म्हणजे काय ते आज कळतंय बघा." शेजारच्या निवृत्त मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. तामिएच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत या शहराने तिच्याबद्दल असं कधी म्हटलं नव्हतं. आताही म्हटलं नव्हतं, पण तिने ते घेतलं आणि काळजाशी ठेवलं.

निजो किल्ल्यात लाकडी ओसरी आहे. पाय पडला की फळ्या पाखरासारख्या चिवचिवतात. तामिए तिथे नेहमी आवाज उतरवायची आणि सांगायची की ही ओसरी पहाऱ्यासाठी होती. परका माणूस कितीही दबक्या पावलाने आला तरी ती बोलते, त्याला उघडं पाडते. सगळे मोजे घातलेल्या पायांनी हळूहळू चालत, कान देऊन ऐकत होते. मिनेकोबाई तामिएच्या बरोबरीने चालत होत्या.

"किती सोयीचं," त्या हलकेच म्हणाल्या. "परकं पाऊल पडलं की जमीनच सांगते. माणसांना तोंड उघडायला नको."

तामिएला ते इतकं आवडलं की तिने ते तिथल्या तिथे सगळ्यांना ऐकवलं, मिनेकोबाईंचं नाव घेऊन. ऐकलंत का, खऱ्या क्योतोकरणीचं बोलणं! मिनेकोबाईंनी लाजून हात हलवला. आता मी सांगते, त्या क्षणी मिनेकोबाईला मनातून काय वाटलं असेल ते मला नीट ठाऊक आहे, आणि म्हणूनच मला तिचा अजून राग आहे. तुमच्यावर फेकलेला दगड तुम्ही फूल समजून डोक्यात माळलात, तर फेकणाऱ्याला लाज वाटायला हवी. या शहरात ती वाटत नाही. इथे त्याची गंमत वाटते आणि ती दुसऱ्या दिवशी चहाबरोबर वाटली जाते.

जेवायला गरम पाण्यातला टोफू होता. तामिए गाइडच्या खोलीत जेवायची, पण त्या दिवशी मिनेकोबाईंनी तिला आपल्या शेजारी बसवलं. मासळीचा विषय त्यांनीच काढला. बांगडे पोचले म्हणाल्या. "दुकानभर दरवळ सुटला हो. काही दिवस आमची गिऱ्हाइकं आत आली की थबकायची. म्हणायची, आज समुद्रावर आल्यासारखं वाटतंय." तामिए म्हणाली, आवडले असतील तर भावाला आणखी पाठवायला सांगते. "छे छे, इतकं कुठे आमच्या नशिबात," मिनेकोबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या वाडग्यात स्वतःच्या हाताने टोफू वाढला.

जेवण झाल्यावर इमानिशी बसपाशी सिगारेट ओढत होता. तामिए त्याच्याजवळ गेली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवेना. बाई फार चांगल्या आहेत, आपल्या हाताने वाढलं मला, असं ती म्हणाली. इमानिशीने सिगारेट डबीत विझवली.

"ओगुराबाई, दुपारी जरा कमी बोला," तो म्हणाला.

"का? घसा बसलाय का माझा?"

"नाही, घसा चांगला आहे," तो म्हणाला आणि दार उघडायला गेला. तामिएला वाटलं, याला आज बरं नाही.

दुपारी कियोमिझू देवळाच्या चढणीवर ती नेहमीसारखी उलट चालत, झेंडा उंच धरून लोकांना वर घेऊन गेली, देवळाचा उंच लाकडी सज्जा दाखवला, फोटो काढून दिले. उतरताना ठरलेल्या दुकानात न्यावं लागे. दालचिनीच्या वासाच्या तिकोनी वड्या, पुड्याच्या पुड्या रचलेल्या. कंपनीचं त्या दुकानाशी ठरलेलं होतं. तामिएच्या तोंडून आपोआप गेलं, "क्योतोची मिठाई म्हणजे हीच बरं का, घरी नेल्याशिवाय जाऊ नका." म्हटल्यावर तिच्या ध्यानात आलं की मागे कोण उभं आहे. पण मिनेकोबाईंनी नमुन्याचा तुकडा उचलला, चघळला आणि म्हणाल्या, "खरंच, हे आम्हाला नाही जमत." आणि एक पुडा विकतही घेतला. तामिएला हायसं वाटलं. मोठ्या मनाची बाई.

संध्याकाळी स्टेशनवर तामिए दारापाशी उभी राहून एकेकाला वाकून निरोप देत होती. मिनेकोबाई सकाळसारख्याच शेवटी उरल्या. त्यांनी हातातलं ते गाठोडं सोडलं, आतून पांढऱ्या कागदात बांधलेली लाकडी पेटी काढली. त्यांच्या दुकानाची. "त्या मासळीच्या बदल्यात, अगदी नावापुरतं." पेटीबरोबर तामिएचं सुती कापडही होतं, धुऊन, इस्त्री करून, काठाला काठ जुळवून घडी घातलेलं.

अशा वेळी क्योतोची बाई वाकली असती आणि हवेबद्दल बोलली असती. तामिएने सरळ विचारलं. दिवसभर ज्याच्यासाठी तिने घसा फोडला होता त्याच्यासाठी तिला आता दम धरवेना. "तेराउचीबाई, मुलांचं ते… चिगुसा माझी मेहनती आहे हो. तुमच्या हाताखाली शिकेल. आमचं बाकी काही मागणं नाही. तुम्ही एकदा हो म्हणालात तर…"

मिनेकोबाईंच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. "किती छान दिवस गेला आज," त्या म्हणाल्या. "मुलीला आई कशी लाभली आहे ते बघायला मिळालं. विचार करते हं."

तामिए कमरेत वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. वर आली तेव्हा मिनेकोबाई गर्दीत दिसेनाशा झाल्या होत्या. इमानिशी आपल्या जागेवर बसून पुसलेलीच काच पुन्हा पुसत होता. ती त्याला म्हणाली, बघा, मुलीला आई कशी लाभली आहे म्हणाल्या. तो "हं" म्हणाला.

लोक विचारतील, जी बाई रोज भरल्या बसला हे समजावून सांगते, तिला स्वतःला कसं कळलं नाही? रोज बोलून बोलून ते वाक्य तिच्या तोंडात गुळगुळीत झालं होतं, म्हणून. तो तिच्या लेखी सिग्नलपाशी सांगायचा विनोद होता; ते कुणी कुणाला खरोखर म्हणतं हे तिच्या कानाला कधी शिवलंच नव्हतं. शिवाय तिला हवं होतं. माणसाला हवं असलं की तो उंबऱ्याबाहेर उभा राहूनसुद्धा स्वतःला घरातला समजतो.

घरी चिगुसा भाजी चिरत होती. तिने मागे न वळता विचारलं, "काय म्हणाल्या?"

तामिएने कोटसुद्धा न काढता सगळं सांगायला घेतलं. आवाजाचं कौतुक. क्योतो आज कळलं म्हणाल्या ते. ओसरीचं बोलणं. समुद्राचा दरवळ. हाताने वाढलेला टोफू. एकेका वाक्याला चिगुसाची सुरी सावकाश होत गेली आणि ओसरीच्या वाक्यापाशी थांबली. तामिएने पेटी टेबलावर ठेवली, तिच्यावर कापड ठेवलं.

चिगुसाने हात पुसले. कापड उचलून पाहिलं, नाकाशी नेलं. मासळीचा मागमूस नव्हता. "परतफेड केली," ती म्हणाली. "आता आपलं त्यांच्याकडे काही उरलं नाही. शेवटी काय म्हणाल्या? त्यांचे शब्द सांग, तुझे नको."

"मी सरळ विचारलं. म्हणाल्या…" आणि तामिए ते वाक्य म्हणायला गेली. त्या हेलात, मान तेवढीच कलती करून, रोज बसमध्ये म्हणायची तसं. "विचार करते—"

'हं' तिच्या तोंडून आलं नाही.

स्वयंपाकघरात भांड्यातलं पाणी उकळत होतं. चिगुसाने गॅस बंद केला. ती रडली नाही. रडली असती तर तामिएला जवळ तरी जाता आलं असतं.

"सिग्नलचा विनोद त्यांच्यासमोर केलास?"

तामिए कोटाची बटणं सोडायला लागली.

"आणि मूळची क्योतोची?"

"आपसूक गेलं गो तोंडातून," तामिए म्हणाली. किती वर्षांनी तिच्या तोंडी समुद्राकडची बोली आली होती, तिलाच ती अनोळखी वाटली. "तसं पण नाहीच म्हणणार होत्या ना? मी नसते बोलले तरी?"

"नाहीच म्हणणार होत्या," चिगुसा म्हणाली. "पण आई, त्यांना कारण शोधावं लागलं असतं. तू ते दिवसभर हातात झेंडा धरून दाखवत होतीस." मग ती आपल्या खोलीत गेली आणि दार तिने अगदी आवाज न करता लावलं. या शहरात वाढलेली मुलगी, तिला आपटता येत नव्हतं.

कोहेईचा पुढे काही निरोप आला नाही, आणि निरोप न येण्याचा अर्थ सांगायला कुणी लागलं नाही. वसंतात चिगुसा ओसाकाला नोकरी शोधून गेली. तिथली माणसं तोंडावर बोलतात, ते तिला आता बरं वाटतं असं ती फोनवर सांगते. फोन ती कधीमधी करते. मिठाईची ती पेटी मात्र त्या दोघींनी उघडलीच नाही. आतलं सगळं वाळून कोळ झालं तेव्हा तामिएने ती तशीच कचऱ्यात टाकली.

पण मिनेकोबाईंना निरोप दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तामिए कामावर होती. दुसरं करणार काय. पांढरे हातमोजे, टोपी, झेंडा. "मी तुमची गाइड ओगुरा," ती म्हणाली आणि पुढचे शब्द तिने गाळले. कुणाच्या लक्षात आलं नाही. शिजोचा सिग्नल जवळ आला. इमानिशीने त्या दिवशी वेग कमी केला नाही, उलट गाडी जरा पुढे काढली, हिरवा गाठता येईल अशी. त्याला जे करता येण्यासारखं होतं ते त्याने केलं. पण सिग्नल लाल झाला आणि बस ठरल्या जागी उभी राहिली. लोक तिच्याकडे बघत होते. कंपनीच्या ठरलेल्या मजकुरात विनोद होता, मागच्या बाकावर नवी तपासनीस बसली होती. तामिएने तो सांगितला. पियानो, घड्याळ, विचार करते हं. घरी जा, जेवा, झोपा, वाट बघू नका. बस पोटभर हसली.

पहिल्या रांगेत, कालच्याच जागी, एक जाडसर हसरी बाई बसली होती, कुठल्याशा खेड्यातली. डोळे पुसत तिने विचारलं, "अहो गाइडबाई, मग या लोकांना खरंच हो म्हणायचं असलं तर काय म्हणतात ते?"

मंडप कुणी बांधला, वर्ख किती जाड, फळ्या का बोलतात, सज्ज्याला खिळे आहेत की नाहीत, या सगळ्याची उत्तरं तामिएला झोपेत येत होती. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने माइक तोंडाशी नेला, तिथेच धरला.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला अजून कुणी म्हटलेलं नाही."

बस पुन्हा हसली, आधीपेक्षा मोठ्याने. सिग्नल हिरवा झाला.